दिसणारं नाव

माझ्या आईशी बोलायचं तर आधी तिच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं. तोंडात घास असेल तर गिळावा लागतो, आणि मिशा असतील तर कातरलेल्या बऱ्या. बोलताना तोंडावर हात ठेवणारी माणसं तिला लबाड वाटतात. तिला ऐकू येत नाही. थोडं कमी येतं असंही नाही. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, माझी भुणभुण, यातलं काहीच तिला ऐकू येत नाही. भुणभुण येत नाही त्याबद्दल ती देवाचे आभार मानते.

कान तिने कापडाच्या गिरणीत घालवले. सतराव्या वर्षी विणकाम खात्यात लागली आणि एकतीस वर्षं तिने चार माग सांभाळले. एका छपराखाली दोनशे माग, प्रत्येकाचा धोटा सूत घेऊन या टोकाकडून त्या टोकाला आपटत जाणार आणि आपटत परत येणार. लहानपणी तिचा विसरलेला डबा द्यायला मी दाराशी जाई. पहिल्यांदा तो आवाज अंगावर येई, मग थोड्या वेळाने तो ऐकूच येईनासा होई. छपराच्या काचांमधून ऊन खाली उतरलेलं असे, उन्हात कापसाचे तंतू तरंगत असत, आणि खाली सगळी माणसं आवाज न करता बोलत असत. चार ओळींपलीकडची बाई नुसते ओठ हलवून आईला विचारी, पोरगी कितवीत गेली? आई ओठांनीच सांगे, तिसरीत, पण अक्षर घाण आहे. आपली बदनामी इतक्या शांतपणे होताना बघून मला मोठं नवल वाटे. घरी आल्यावरही मला कितीतरी वेळ माणसं पाण्याखाली बोलल्यासारखी दिसत.

त्या खात्याचा एक दंडक होता. नवीन माणूस आलं की त्याला नवीन नाव. कारण काही नावं नुसती जिभेवर आणि घशात तयार होतात, ओठांना त्यांचा पत्ताच नसतो. अशा नावाला तिथे काडीची किंमत नव्हती. हात हलवून लक्ष वेधता येतं, पण बोलणं कोणाविषयी चाललंय हे नाव दिसल्याशिवाय कसं कळणार? आईचं घरचं नाव फार गोड, पण ते घेताना ओठ ढिम्म हलत नाहीत. पहिल्याच दिवशी शेजारच्या मागावरच्या म्हाताऱ्या बाईने तिला खालीवर न्याहाळलं आणि तिच्या आधी त्या चार मागांवर जो माणूस होता, त्याचं नाव तिला देऊन टाकलं. तो दुसऱ्या गिरणीत गेला होता. पण त्या कोपऱ्याकडे वळून तेच नाव घ्यायची सगळ्यांच्या ओठांना सवय झाली होती, ती कशाला मोडा? माग मिळाले, स्टूल मिळालं, नावही मिळालं. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. हातभर मिशांच्या मुकादमाला सगळं खातं मामी म्हणत असे, आणि मामी बिनतक्रार येत असे.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते पाहायचं नाव आहे. ओठ आधी घट्ट मिटतात, मग ऐसपैस उघडतात, आणि शेवटी फुंकर घालताना होतात तसे गोल होऊन थांबतात. एवढंच सांगते की त्या नावाचे तीन जण माझ्या ओळखीचे आहेत आणि तिघांनाही टक्कल आहे.

आम्हाला मुलगी झाली तेव्हा आई आमच्याकडेच राहत होती. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून दिवसभर खपतो आणि घरात त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. त्याची थोरली बहीण, घरात सगळ्यांची ताई, शाळेत गाणं शिकवते. बाळ चार दिवसांचं असताना ती अकरा नावांची यादी घेऊन आली आणि एकेक नाव सुरात म्हणून दाखवू लागली. प्रत्येक नावाला आईने मान हलवली. "छान आहे." अकराच्या अकरा नावं छान. माझी नणंद खूश झाली, म्हणाली, "काकूंना गाण्याचा कान आहे." मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण चार दिवसांच्या बाळंतिणीला झोपेपलीकडे कशाचा संशय येत नाही.

त्यातलं सातवं नाव आम्ही उचललं. तीन आठवडे घरात तेच चाललं. आणि एके सकाळी बाळाला पुसता पुसता माझ्या लक्षात आलं, की आईने ते एकदाही घेतलेलं नाही. ती म्हणे आमची ही, आमचं गाठोडं, आमचे साहेब. मी तिच्या समोर बसले आणि ओठांनी विचारलं, "आई, हिचं नाव काय ठेवलंय सांग."

"तुम्ही ठेवलंय तेच."

"ते कोणतं?"

ती पंचाच्या घड्या घालू लागली. मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. मग तिने कबूल केलं.

"किती वेळा विचारायचं गं? एकदा विचारलं, तर ताईंनी ओरडून सांगितलं. ओरडलं की माणसाचं तोंड वाकडं होतं, मग होतं नव्हतं तेही दिसत नाही."

मी नाव कागदावर लिहून दिलं. तिने चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं. "सुरेख आहे," ती म्हणाली, आणि या वेळी खरं म्हणाली. मग मला ते म्हणायला लावलं, आणि पुन्हा म्हणायला लावलं. माझ्या तोंडाकडे ती इतकी टक लावून बघत होती की मला कसंतरीच झालं. शेवटी तिने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. "कागदावर आहे ते," ती म्हणाली, "तुझ्या तोंडावर नाही. असू दे. मी कागद जपून ठेवीन."

मला हे मुळीच असू द्यायचं नव्हतं. उद्या ही मुलगी रांगेल, चालेल, जिन्यावरून पडेल. घरात दिवसातून शंभरदा तिच्या नावाने हाक जाईल, आणि माझी आई मध्ये बसून सगळ्यांची तोंडं बघत राहील, कोणाला बोलावताहेत कळणार नाही, आणि मान हलवून म्हणेल, छान आहे. मला माझ्या मुलीचं नाव माझ्या आईला दिसायला हवं होतं. यापलीकडे मला त्या दिवसांत काही म्हणजे काही नको होतं.

मग दुपारी बाळाला खांद्यावर घेऊन मी आरशासमोर उभी राहू लागले. ठाऊक असलेली सगळी नावं एकेक करून घेतली. आवाज न करता, नुसती बघत. खोलीत पडद्यातून पिवळं ऊन येई, बाळ मानेवर ऊन ऊन श्वास टाकत असे, आणि आरशातली बाई नावांमागून नावं बोलत असे. मुलींची किती नावं आतल्या आत राहतात! जणू ओठांना त्रास नको म्हणूनच कोणीतरी ती घडवलीत. असं तीन दुपारी चाललं. तिसऱ्या दुपारी, काहीही न ठरवता, माझे ओठ मिटले, ऐसपैस उघडले आणि गोल होऊन थांबले. गिरणीच्या दाराशी डबा घेऊन उभी असताना मी हेच पाहत असे. सगळं खातं माझ्या आईकडे वळून हेच म्हणत असे.

त्या संध्याकाळी मी जाहीर केलं. नणंद फोनवर होती, ती आधी हसली, मग म्हणाली, "अगं, मुलीला? शाळेत बाई हजेरी घेतील आणि मुलांच्या रांगेत बघतील." तिचंही अगदीच खोटं नव्हतं. मी दवाखान्यात केसपेपर काढते, दिवसभर नावं पुकारते. एकदा असंच एक बाप्याचं नाव पुकारलं आणि दोन वेण्यांची मुलगी उठून आली, तर अख्खा बाक वळून तिच्याकडे बघत राहिला. ती मात्र खुशाल चालत आली होती. नवरा म्हणाला, "कोणतंही ठेवा, पण सोमवारी मला कचेरीत जाऊन नोंदवायचंय."

भांडले ते आईशी. आम्ही माय-लेकी भांडतो तेव्हा आवाज नसतो, ओठच भांडतात. त्यामुळे आमच्या दोघींच्या मधोमध खुर्ची टाकून नवरा शांतपणे पेपर वाचत होता, आणि त्याच्या डोक्यावरून आमची जुंपली होती.

"ते नाव बाहेर काढायचं नाही," आई म्हणाली.

"पुरुषाचं म्हणून?"

"पुरुषाचं आहे हे तर मी कधीच विसरले."

"मग काय झालं?"

"त्या नावाने मला कोणी आवाजात हाक मारली नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही. फाटकाबाहेर पडलं की मी पुन्हा घरची. ते मुकं नाव आहे गं. पोरीला असं नाव कशाला? ताईंनी आणलेलं ठेवा. गाता येतं, कोणी लांबून हाक मारली तर कशी छान वाटेल."

"आणि तू?"

"माझे असे किती दिवस राहिलेत?"

मला भयंकर राग आला. असलं बोललं की आपण गप्प बसतो हे आयांना पक्कं ठाऊक असतं. मी म्हटलं, "तुला न दिसणारं नाव मला नको. बिननावाची वाढवीन तिला." तशी आईने सरळ डोळे मिटून घेतले. कोणी धाडकन दार लावून घेतलं तर निदान बाहेरून ठोठावता तरी येतं. मी तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर आणखी दोन वाक्यं बोलले आणि रडू लागले. नवऱ्याने पेपरातून डोकं काढून विचारलं, "काय झालं?"

चार दिवस आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. आमच्या घरात यालाच अबोला म्हणतात. शेवटी मीच हरले. तिच्या इच्छेविरुद्ध तिचंच नाव कसं काढून घ्यायचं? रविवारी नवऱ्याने अर्जावर सातवं नाव लिहिलं, वळणदार अक्षरात. मी बघितलं आणि पेनाला टोपण लावून ठेवलं.

सोमवारी सकाळी तो बाहेरच्या खोलीत बूट घालत होता. अर्जासोबत हॉस्पिटलचा कागद हवा होता आणि तो आईच्या कपाटात होता, म्हणून मी आत गेले. आई खिडकीपाशी माझ्याकडे अर्धी पाठ करून बसली होती. बाळ तिच्या मांडीवर उताणं होतं. खिडकीतून ऊन थेट त्या दोघींवर पडलं होतं, आणि त्या उन्हात आईचे ओठ हलत होते. मिटले, उघडले, गोल झाले. थांबले. पुन्हा मिटले. बाळ हात-पाय विसरून, श्वाससुद्धा विसरल्यासारखं त्या ओठांकडे बघत होतं. मग त्याने स्वतःचं तोंड उघडलं, आणि बराच विचार करून गोल केलं.

मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. घर अगदी शांत होतं, पण मला आजूबाजूला दोनशे माग चालल्यासारखे वाटत होते, आणि त्या सगळ्यात या दोघीच एकमेकींना दिसत होत्या. मग मी पुढे गेले. आई दचकली.

"सहज आपलं," ती म्हणाली. "ताईंनी आणलेलं नाव घेऊन बघितलं मी, कागद समोर धरून. ही इकडेतिकडे बघते. हे घेतलं की माझ्या तोंडाकडे बघते. रोज बघते. मी काय करू?"

"रोज घेतेस?"

तिने बाळाचं झबलं खाली ओढून सारखं केलं.

मी खाली बसले. "आई, आवाजात घे."

"नको."

"एकदाच."

तिने घसा खाकरला. पदराने तोंड पुसलं. बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते नाव मोठ्यांदा घेतलं. तिचा आवाज तिच्या हाती राहिलेला नाही. सुरुवात खोलीभर दणाणली आणि शेवट नुसता वाऱ्यासारखा निघून गेला. बाळाने दोन्ही हात वर उडवले, पण ते रडलं नाही.

नवरा एका पायात बूट घालून दारात आला. "कोण आलंय?" त्याने विचारलं. पुरुषाचं नाव ऐकून त्याला वाटलं, कोणी पाहुणा आला.

मी त्याच्याकडे वळलेच नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या वर्षांत मी तिला कशालाही इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"कसं ऐकू येतं गं?" तिने विचारलं.

मी सांगायला गेले, पण रडताना ओठ धड हलत नाहीत आणि तिला काही दिसेना. मी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पुन्हा सांगितलं.

"मुलीचं वाटतं, आई. अगदी मुलीचंच."