बामच्या बाटलीतला बेडका

"ती घाण आधी बाहेर फेक."

डॉक्टर असं म्हणाले तेव्हा माझ्या हातात बामची रिकामी बाटली होती आणि कडेवर धाकटी. बाटलीत माझा सकाळचा बेडका. वस्तीवर घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य खात्याच्या आशाताई म्हणाल्या होत्या, इतके दिवस खोकतेस, बेडका तपासून घे, टीबी असला तर त्यात कळतो. मला वाटलं, डॉक्टर म्हणजे डॉक्टर. देवळालीतल्या नेहमीच्याच खाजगी दवाखान्यात बाटली घेऊन गेले. सगळा पावसाळा हेच मला सुई टोचत होते. धुळीची ॲलर्जी म्हणायचे. छातीला नळी लावायची तीसुद्धा पदरावरून. तरी मी खूश. सुई टोचली की आम्हाला औषध मिळाल्यासारखं वाटतं.

"डॉक्टर तू का मी? तुमच्या वस्तीत आता हे पण शिकवतात का?"

बाकावरच्या बायका हसल्या. ज्यांच्या उसात मी खुरपते त्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बाहेर गटारीपाशी जाऊन झाकण उघडलं. तेवढ्यात धाकटी खोकली, अगदी माझ्यासारखीच.  असा राग आला की हात थांबलाच. झाकण घट्ट लावलं आणि तशीच सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या सिस्टरनी माझी बाटली घेतली नाही. स्वच्छ डबी दिली, बाहेर मोकळ्यावर जाऊन खोल खोकून दे म्हणाल्या. टीबी निघाला. धाकटीलाही तपासलं. तिला नव्हता, पण होऊ नये म्हणून औषध सुरू केलं. मी गोळ्या शेवटपर्यंत खाल्ल्या. उलट्या झाल्या तरी सोडल्या नाहीत.

आज त्या खाजगी दवाखान्यासमोरून जाताना खोकला ऐकू आला. बाकावर उसाच्या मालकीणबाई, हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. मी आत गेले.

"बाई, सुया बास झाल्या. आधी बेडका तपासून घ्या."

या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टर बाहेर आले, हिला हाकला म्हणाले. कंपाउंडरने माझा दंड धरला. मी हात झटकला.

"धरू नका. मी काय औषधाला आले न्हाई."

बाई उठल्या नाहीत. पण डॉक्टरांकडे बघत राहिल्या. मी बाहेर येऊन त्याच गटारीपाशी उभी राहिले. उद्याही राहणार. रस्ता त्यांच्या बापाचा नाही. जो खोकत येईल त्याला सांगणार, वस्तीतला असो की बंगल्यातला. मी गप्प बसावं असं वाटत असेल, तर डॉक्टरांनी आधी बेडका तपासायला सांगावा.