बटणाचं बिगुल

अमेरिकेतल्या आमच्या गावात माजी सैनिकाच्या दफनाला बिगुलावर अखेरची धून ऑर्व्हिल टेनब्रुकच वाजवायचा. हल्ली बिगुलात आपोआप धून वाजवणारं यंत्र बसवतात. बटण दाबून नुसतं तोंडाला लावायचं. कवळी बसवल्यापासून ऑर्व्हिलही गुपचूप तेच करायचा. कोरियाच्या लढाईत त्याच्यासोबत एकाच खंदकात असलेल्या मर्लने तेवढं ते ओळखलं होतं.

"माझ्या वेळी ते बटण दाबलंस तर शवपेटीतून उठून बसेन, लेका," तो म्हणायचा.

मर्लच्या दफनाला ऑर्व्हिलने बिनयंत्राचं जुनं बिगुल आणलं. चौथ्या सुरावर श्वास तुटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटला. धून अर्धीच राहिली.

मर्लची बायको लोरेटा म्हणाली, "शिव्या घातल्या असत्या त्याने तुला."

ऑर्व्हिल खड्ड्याकडे बघत उभा राहिला, त्या शिव्या ऐकायला येतील म्हणून.