करवंटीवरचं लॉरेल

देवबागच्या आमच्या होमस्टेत झाडांना नावं लावायची हौस माझीच. फोनवर फोटो काढून झाडाचं इंग्रजी नाव शोधायचं, करवंटीवर रंगवायचं आणि फांदीला टांगायचं. पाहुणे खूश! किनाऱ्याकडची उंडी, विहिरीजवळची तिखी, जिची पानं आम्ही भातात घालतो, आणि तिला खेटून असलेली कण्हेर, तिघींच्या इंग्रजी नावात शेवटी लॉरेल. पुढचे शब्द करवंटीवर मावेनात, म्हणून मी सरळ गाळले. नवरा म्हणालाही, "अगो, तिनय झाडांका एकच नाव? डोक्यार पडलंस काय?"

"तुमका काय कळता त्यातला!" मी त्यालाच झापलं.

गेल्या थंडीत एक बाई आली, तीन वर्षांच्या लेकीला घेऊन. बरीच वर्षं परदेशात राहिलेली. पोरीसाठी भात मीच करते म्हणाली. मी मासळी घेऊन परतले तर पोर जेवायला बसलेली.

"लॉरेलची पानं तुमच्या दारातच मिळाली की! तिकडे आम्ही भातात हीच घालायचो."

मासळीची पिशवी मी तिथेच टाकली. "कुठल्या झाडाची?"

"विहिरीजवळच्या."

तिथे दोन झाडं, आणि त्यातली कण्हेर म्हणजे जहर. पानं बारीक चिरलेली, ओळखणार कशी? भातातला एक तुकडा उचलून मी चावला. गोडसर, तिखट. तिखीच! हुश्श म्हणते न म्हणते तोच ती म्हणाली, "दोन्हींची थोडी थोडी घेतली. एकच आहे ना ते?"

मी ताट हिसकावलं. पोर भोकाड पसरून रडायला लागली. नवऱ्याने गाडी काढली. मालवणचा रस्ता सरता सरेना. मी सारखी पोरीचे डोळे बघायची, कपाळाला हात लावायची, पुन्हा डोळे बघायची. देवाला काय काय कबूल केलं, आठवत नाही.

दवाखान्यात तिला उलटी करवली, सलाइन लावलं. संध्याकाळी तिने बिस्किट मागितलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

डॉक्टर मात्र आईवर भडकले. "शिकलेल्या दिसता, आणि लेकराला कण्हेर घालता?"

"माझीच चूक," ती मान खाली घालून म्हणाली. "मला झाडं ओळखता येत नाहीत."

मी हातभर अंतरावर उभी होते. वाकून पोरीचं पांघरूण सारखं करत राहिले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि गाडी आणायला निघून गेला.

बाहेर आल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले. "मावशी, तुम्ही होतात म्हणून माझी पोर वाचली."

मी म्हटलं, "असू दे गो."