विषाच्या डॉक्टरांची बैठक

आमच्या कसबा बावड्याच्या घरात विषाच्या डॉक्टरांची बैठक भरायची. नवरा त्यांच्या संघटनेच्या इथल्या शाखेचा अध्यक्ष, म्हणून चहा-पोहे माझ्याकडे. ही शाखा सुरू झाली तीच मुळी फोनाफोनीतून. औषध प्यालेला माणूस दवाखान्यात यायचा, सोबतचे नुसते रडत उभे राहायचे आणि तो काय प्यालाय ते कुणालाच सांगता यायचं नाही. मग नवरा दुसऱ्या गावच्या डॉक्टरला विचारायचा, तो तिसऱ्याला. एकट्यानं चुकण्यापेक्षा विचारून उपचार करावा, एवढाच सुरुवातीचा हेतू. पुढे नियम आले, प्रशिक्षणं आली, गावोगाव प्रदर्शनं भरू लागली. पिकावरचं औषध सरबताच्या बाटलीत ठेवू नका, हे ऐकून ऐकून माझंही पाठ झालं होतं.

त्या दिवशी पुढच्या प्रदर्शनाची तयारी चालली होती. कसं ठेवू नये ते दाखवायला एका तरुण डॉक्टरनं सरबताच्या जुन्या बाटलीतच औषध भरून आणलं होतं. टेबलावर पसारा झाला, म्हणून कुणीतरी ती बाटली उचलून माझ्या ओट्यावर ठेवली. एवढे शिकलेले लोक, पण अक्कल गहाण टाकल्यासारखं केलं!

सासरे जैन, नेमाचे पक्के. दिवस मावळला की पाण्याचा थेंबही घेत नाहीत. ऊन उतरलेलं बघून ते घाईनं आत आले. त्यांच्यासाठी गुळाचं सरबत मी रोज तसल्याच बाटलीत भरून ठेवते, आणि करोना झाल्यापासून त्यांना वास येत नाही. मी पाठमोरी, पोह्यांवर खोबरं घालत होते. पेला ओट्यावर टेकल्याचा आवाज आला.

"सूनबाई, ह्ये सरबत न्हवं."

मी ओरडले. सगळा हॉल स्वयंपाकघरात आला. बाटली कुणाची, असं नवऱ्यानं विचारल्यावर तो तरुण डॉक्टर भिंतीला टेकला. मुरगूडच्या एका दुकानातून त्यानं ते सुटं घेतलं होतं. शेतकरी नेतात तसंच दाखवायचं होतं म्हणे.

"औषधाचं नाव काय?" नवरा म्हणाला.

"विचारलं नाही, सर."

मला आधी कळेचना. घरभर विषाचे डॉक्टर, आणि माझ्या सासऱ्यांच्या पोटात काय गेलंय ते एकालाही ठाऊक नाही. रागानं त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दुकानदार फोन उचलत नव्हता. सासऱ्यांना दरदरून घाम फुटला, तोंडातून लाळ गळू लागली. तेवढ्या खुणांवरून अंदाज बांधून गाडीतच इंजेक्शनं सुरू झाली. दुकानदाराकडून नाव कळलं ते सासरे अतिदक्षता विभागात पोचल्यावर. अंदाज बरोबर निघाला.

सासरे वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं नाही, बाहेर उजेड हाय का ते विचारलं. होता. दोन घोट पिऊन झाल्यावर त्यांनी लेकाला जवळ बोलावलं.

"काय प्यालतो रं मी?"

नवऱ्यानं नाव सांगितलं, ते कसलं औषध तेही सांगितलं.

"आता सांगतोस. तवा ठावं हुतं का तुमच्यातल्या एकाला तरी?"

"नाही, अण्णा," नवरा म्हणाला, आणि सगळ्या वॉर्डासमोर त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागला.