येथील कुशल

पेशव्यांच्या दफ्तरात माझ्या शेजारी एक वयस्कर कारकून बसत. बोरू कायम कानावर, बोलणं तुटक. मुलगी देवीच्या साथीत गेली तेव्हा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलं. आता तिच्याविषयी लिहावं म्हणतो, माझं म्हणून."

काम आटोपलं की ते कागद घेत, वर श्री काढत, दोन शब्द लिहीत आणि फाडून टाकत. महिनाभर हेच. एकदा फाडण्याआधी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. आम्ही प्रत्येक पत्र ज्याने सुरू करतो तेच तिथे होतं: येथील कुशल.

"खोडा आणि पुढे लिहा," मी म्हटलं.

"अहो, हाताला दुसरी सुरुवात येतच नाही."

मग त्यांनी दुसऱ्या कोणासाठी लिहायचं राहिलेलं पत्र पुढे ओढलं आणि पहिल्याच ओळीत तेच दोन शब्द लिहिले. हा कागद मात्र फाडला नाही.