गोठ्यातला ताप

"ब्रुसेलोसिस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून चक्क हसल्या. मला राग आला. म्हटलं, बाई, इथं माझी कंबर मोडलीय आणि तुम्हाला हसू येतंय? पण त्या हसत होत्या ते चोर सापडला म्हणून. एवढ्या तपासण्या झाल्या तरी तो कुणाच्या हाती लागत नव्हता.

ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा जंतूचा आजार. गाय, म्हैस, शेळी, कुणाकडूनही येतो. कच्च्या दुधातून येतो, नाहीतर गाभडलेल्या, म्हणजे अवेळी गर्भ टाकलेल्या, जनावराची वार उघड्या हाताने काढली की येतो. आता मी हे घडाघडा सांगते, तेव्हा मला नावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं. तुमच्या दारात गुरं असतील तर पुढचं नीट वाचा. नसतील तरी वाचा, दूध तर पिताच की.

मी मंगल, राहणार निघोजे. आमची जमीन एमआयडीसीत गेली. उरलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि मागं, कंपनीच्या भिंतीला लागून, माझा गोठा राहिला. मालक गेले तेव्हापासून गोठा माझाच. माझा मुलगा संदीप चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे. "आई, काढून टाक त्या गाई, काय कमी आहे आपल्याला?" हे त्याचं नेहमीचं. कमी काही नाही, पण मी रिकामी बसून काय करू? भिंतीकडे बघू?

दुसरी गोष्ट. गावात कुणाची गाय अडली की आधी मला बोलावणं येतं, मग गुरांच्या डॉक्टरला. माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

दुखणं सुरू झालं तापानं. संध्याकाळी अंग तापायचं, घामानं चादर भिजायची आणि सकाळी मी खडखडीत. पुन्हा चार दिवस काही नाही, पुन्हा ताप. गावातल्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हटलं, मग टायफॉइड म्हटलं. गोळ्या खाऊन तोंडाची चव गेली. मग कंबरेच्या खाली, उजव्या बाजूला, कळ यायला लागली. एक दिवस धार काढायला आमच्या चंद्री गाईच्या खाली बसले आणि उठताच येईना. सुनेनं, पूजानं, काखेत हात घालून मला वर घेतलं. चंद्री मान वळवून बघत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

चिंचवडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. निघताना पूजानं मला सुगंधी साबणानं आंघोळ घातली, ठेवणीतली साडी नेसवली. गोठ्याचा वास नको यायला, एवढ्यासाठीच ते सगळं होतं. मला कळत नव्हतं असं नाही.

डॉक्टर मॅडम वयानं लहान, पण विचारपूस पोलिसांसारखी. आई काय करतात? संदीप म्हणाला, "हाउसवाइफ." घरी गुरंढोरं? संदीप म्हणाला, "पूर्वी होती, आता नाहीत." मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावर त्याच्या कंपनीतले दोन साहेब बसले होते, कुणाला तरी भेटायला आलेले. पोराचा मान चारचौघांत कशाला घालवा म्हणून मी गप्प बसले. आमच्याकडे हल्ली असंच आहे. बंगला झाला, दारात गाडी आली की शेणाचं नाव काढायचं नाही. त्या एका उत्तरानं आम्ही मॅडमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

मग सुरू झालं तपासण्यांचं. ईएसआर म्हणून रक्ताची एक तपासणी असते, शरीरात कुठं दाह आहे का ते तिच्यातून कळतं. पण कशामुळे आहे ते कळत नाही. तो आकडा वाढलेला आला. एमआरआयच्या नळीत मला घातलं तेव्हा आत असला खडखडाट की वाटलं कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकतात तिथंच घातलंय. त्यात निघालं सॅक्रोइलायटिस. पाठीचा कणा खाली ज्या सांध्यात कमरेच्या हाडाला जोडलेला असतो, त्या सांध्याला इन्फ्लमेशन, म्हणजे दाह आणि सूज.

मॅडमनी मला समजावून सांगितलं, "मावशी, सूज म्हणजे शरीर जंतूशी लढतंय. पण लढाई फार दिवस चालली तर सांध्याचंच नुकसान होतं. हाडाचा टीबी असू शकतो, पण खात्री वाटत नाही. सुईनं आतला नमुना काढावा लागेल."

मी एकच विचारलं. "मला उकिडवं बसता येईल का?"

"आत्ता सांगता येत नाही. उशीर झाला तर सांधा आखडू शकतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उकिडवं बसता येत नाही ती बाई गाईखाली कशी बसणार? अडलेल्या गाईमागं कशी टेकणार? शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "कमोड असतो की आता." तिला काय सांगू?

सुई घालायच्या आदल्या दिवशी सकाळी पूजाचा फोन वाजला. गावातून आमच्या शेजारचे दत्ताभावजी. त्यांची गाय अडली होती, गुरांचे डॉक्टर वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलेले. पूजानं फोन माझ्या हातात दिला.

"वहिनी, पाय आल्याती, मुंडकं न्हाई येत!"

बस. मी हॉस्पिटलात आहे हेच विसरले. "मागं वळलंय व्हय मुंडकं? ओढू नका! अहो, ओढू नका म्हणते ना! हाताला तेल लावा. कळ जाऊ द्या, मग वासराला आत लोटा. आता हात सरकवा. नाकाडं लागतंय का? तळहातात धरा आणि आणा वळवून. हळू, भावजी, ती काय टेम्पोचं स्टेअरिंग न्हाई!"

सगळा वॉर्ड उठून बसला. थोड्या वेळानं पलीकडून दत्ताभावजी ओरडले, "आलं! कालवड हाय!" शेजारच्या पलंगावरची बाई टाळ्या वाजवायला लागली. आणि दारात मॅडम उभ्या, राउंडला आलेल्या.

"मावशी, हे तुम्ही स्वतः करता?"

पलंगाशी उभा असलेला संदीप काहीतरी बोलायला गेला. मी म्हटलं, "तू थांब." आणि मॅडमना सांगितलं, "मग कोण करणार? चार गाई आहेत माझ्या आणि गावातल्या अडलेल्या सगळ्या माझ्याच."

"गेल्या काही महिन्यांत एखादी गाय गाभडली?"

"आमची चंद्री. सातव्या महिन्यात टाकलं तिनं. वार अडकली होती, मीच काढली."

"हातमोजे घालून?"

"मोजे घालून कळतं व्हय काही?"

"आणि दूध कच्चं पिता?"

"धारेचा फेस पिल्याशिवाय माझी सकाळ होत नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. सुई रद्द झाली. रक्ताची वेगळी तपासणी गेली, लॅबला आधी फोन करून, कारण हा जंतू हाताळणाऱ्यालाही धोका असतो म्हणे. दोन दिवसांनी त्या हसत आल्या, ते मी वर सांगितलंच.

औषध बरेच महिने चाललं. सुरुवातीला इंजेक्शनं, बरोबर डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, दोन्ही जंतू मारणारी औषधं. दुसऱ्यानं लघवी केशरी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी घर डोक्यावर घेतलं. तुम्ही घाबरू नका. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, हा आजार उलटतो.

घरी आले तर दारात गाईंचा दलाल बसलेला. गुरांच्या डॉक्टरांनी सगळ्या गाईंचं रक्त तपासलं होतं, एकटी चंद्री बाधित निघाली होती. संदीप म्हणाला, "आई, देऊन टाकू. नेतो म्हणतोय तो, काही न विचारता."

मला उभं राहवत नव्हतं, पण आवाज शाबूत होता. "काही न विचारता न्हेतो, तेच तर! उद्या दुसऱ्या बाईची कंबर जाईल. दुखणं दुसऱ्याच्या दारात बांधायचं? ती इथंच राहील, वेगळी."

दलाल चहा न पिताच गेला. चंद्रीला वेगळा गोठा बांधला. तिचं दूध विकायचं नाही असं मी ठरवलं, गुरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. बाकीच्यांचं दूध आता उकळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागत नाही, माझ्याही नाही. फेसाची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

पुढं मॅडम आणि गुरांच्या कॉलेजातले संशोधक मिळून गावात आले. हा जंतू जनावरातून माणसात कसा येतो, सांध्यातच का ठाण मांडतो, याचा अभ्यास चाललाय त्यांचा. गाव आधी दार उघडेना. मी काठी टेकत घरोघरी त्यांच्याबरोबर फिरले. "माझं रक्त दिलंय मी, तुम्हाला गाईचं द्यायला काय होतंय?" एवढं म्हटलं की लोक दावं सोडायचे. मी त्यांना एकच अट घातली. काय निघेल ते आम्हाला मराठीत, पारावर बसून सांगायचं. ते आले, बसले आणि सांगितलं. लहान कालवडींना लस टोचून घ्यायला तेव्हापासून कुणी कुरकुर करत नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता माझ्याकडे खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे मोजे असतात. मोजे घालून कळत नाही म्हणाले होते ना? कळतं. बोटं शहाणी असली की प्लास्टिकमधूनही कळतं.

परवा शेवटच्या तपासणीला गेलो. मॅडम रजेवर होत्या, नवा डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "आई काय करतात?" मी तोंड उघडायच्या आत संदीप बोलला. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"गाई सांभाळते. आमच्या चार आणि अडल्या की अख्ख्या गावाच्या."

डॉक्टरनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मावशी, जरा उकिडवं बसून दाखवा."

मी पदर खोचला, तिथं फरशीवर बसले आणि कुणाचा हात न धरता उठले.