तक्त्यात मी 'कोरडी' लिहिलं

साक्री तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरालगत एक वस्ती आहे. तिथल्या एका अक्काची विहीर गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मारली गेली. 'आटली' असं मी लिहिणार नाही. आटते ती उन्हानं. ही सुरुंगानं गेली. सणाला मजूर घरी गेले होते म्हणून आखाजीला वस्तीजवळची खडीची खाण बंद होती. दुसऱ्या दिवशी खाणवाल्यानं राहिलेलं काम एकदम उरकलं. अक्काच्या दोन्ही लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला. धाकटी झोक्यावर होती. ती सांगते, आधी दोर थरथरले, आवाज मागून आला. चौथ्या दिवशी पोहऱ्यात चिखल आला.

हे खाणवाल्यानं केलं. परवानगी देणाऱ्यांनी केलं. आणि मी केलं. माझं तेवढं आधी सांगते, कारण बाकीच्यांबद्दल मी पत्रकांत भरपूर लिहिलंय.

मी भडगावची, गिरणेकाठची. धुळ्यात भूशास्त्र शिकले आणि विहीर गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका सर्वेक्षणावर हंगामी मदतनीस म्हणून लागले. गौण खनिजाचं सर्वेक्षण, म्हणजे खडीचा दगड कुठं आहे, किती आहे, काढला तर आजूबाजूला काय बिघडेल. सोबत एक भूशास्त्रज्ञ होते, आम्ही त्यांना सर म्हणायचो. सज्जन माणूस. हातोडीनं दगडाचा तुकडा पाडायचे, जिभेनं ओला करून उन्हात धरायचे आणि मला दाखवायचे.

साक्रीकडे जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती वर आलेल्या आहेत. कुणी बांधलेल्या नाहीत. जुन्या भेगांतून लाव्हा वर आला, तिथंच थिजला, बाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भिंत उरली. पुस्तकात तिला डाइक म्हणतात. सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ही भिंत जमिनीखाली पण असते. वरून झिरपत आलेलं पाणी हिला अडतं. म्हणजे धरणच की!" मी ते वहीत लिहून घेतलं. अधोरेखित केलं.

अक्काची विहीर अशाच एका भिंतीच्या वरच्या अंगाला. भर वैशाखात बारा घरं तिच्यावर पाणी भरायची.

विहिरींचा तक्ता भरायचं काम माझ्याकडे होतं. मालक, खोली, उन्हाळ्यात पाणी आहे की नाही. आता आमच्या खान्देशातली एक गोष्ट सांगते, जी सरांना ठाऊक नव्हती आणि मला होती. बाळाला कुणी देखणं म्हणत नाही, तसंच विहिरीला पाणी आहे असं परक्याला कुणी सांगत नाही. नजर लागते. त्यात हातात कागद घेऊन आलेला माणूस असला तर मुळीच नाही, कारण एका विहिरीत पाणी दिसलं की आख्ख्या वस्तीचा टँकर तोडतात. खरं बोललात तर तहानेनं मरा, हे लोकांना सरकारनंच शिकवलं. माझे आजोबा गिरणेच्या काठावर बसून 'कोरडी' सांगायचे!

अक्काच्या ओट्यावर मी बसले तेव्हा शेजारचे दोन नानाही आले होते.

"अक्का, विहिरीला पाणी किती आहे?"

"कसानं पानी, पोरी? कोरडी शे."

"बठ्ठ्या कोरड्या शेत," एक नाना सगळ्या वस्तीवरून हात फिरवत म्हणाले. "लिखी ले. मोठ्ठ्या अक्षरमा लिख, साहेबले चष्मा शे."

सगळे हसले. मीही हसले. अक्कानं मला तांब्या दिला. पाणी गार होतं, गोड होतं. ओट्याखाली ओल्या दोराचं वेटोळं पडलं होतं, त्याच्यावर कोंबडी चोच मारत होती. ते पाणी पिऊन, तोंड पुसून, मी तक्त्यात 'कोरडी' लिहिलं. तिथं अक्काचा अंगठा घेतला आणि खाली माझी सही केली.

खोली मोजायचा टेप गाडीत होता. ऊन फार होतं. लोकांचं खोटं उघडं पाडणारी मी कोण, असंही वाटलं. मी त्यांच्या बाजूची आहे असं मला वाटत होतं.

संध्याकाळी सरांनी तक्ता पाहिला. "या भिंतीच्या वर पाणी असायला हवं गं."

"लोक नाही म्हणतात, सर."

"सगळेच?"

"सगळेच."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पानाकडे वळले. अहवालात एक ओळ आली: या दगडी भिंतीवर अवलंबून असलेली एकही वापरातली विहीर आढळली नाही. त्या एका ओळीवर त्याच भिंतीत खाण मंजूर झाली.

विहीर गेल्यावर मी अक्काला घेऊन कचेरीत गेले. तोवर मी सर्वेक्षण सोडलं होतं, एका संघटनेत पत्रकं लिहीत होते, आवाज चढवायला शिकले होते. टेबलामागच्या भाऊंनी शांतपणे फाईल काढली, माझाच तक्ता माझ्यासमोर ठेवला.

"ताई, ही सही तुमचीच ना? आणि हा अंगठा या अक्कांचा?"

"हो, पण—"

"मग कोरडी विहीर कोरडी झाली. यात नुकसान कुठलं?"

बाजूच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी परंपरा, नजर, टँकर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असं अर्जात लिहा. 'आम्ही खोटं बोललो होतो' असं लिहा. बघू काय होतं ते."

बाहेर येऊन अक्का पायरीवर टेकली. मग म्हणाली, "मी त अंगठाछाप शे, बाई. तू त शिकेल शे ना? तू त पानी पिनी व्हती."



पावसाळ्यात विहीर भरली. वस्तीवर गूळ वाटला. मला फोन करून सांगितलं. मी त्यांना सांगायला हवं होतं की वरचा पाऊस कुठल्याही खड्ड्यात साठतो, प्रश्न खाली अडवणाऱ्या दगडाचा आहे. नाही सांगितलं. दिवाळीनंतर पाणी रोज हातभर उतरू लागलं आणि पौषात तळ दिसला. अक्काचा कांदा वाफ्यातच वाळला. आता टँकर येतो, चौथ्या दिवशी. थोरल्या लेकीनं सांगून टाकलंय, यंदा आखाजीला माहेरी येणार नाही. मुलांना घेऊन पाण्याच्या रांगेत उभं राहायला कोण येईल?

खाण अजून सुरू आहे. मी अर्ज केले, धरणं धरलं, पाचोऱ्यापर्यंत पत्रकं वाटली. फोडलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. झाड लावता येतं, दगड लावता येत नाही. खाण उद्या बंद पडली तरी अक्काला ती विहीर परत मिळणार नाही, आणि हे मला कुणाहीपेक्षा नीट कळतं, कारण मी ते शिकलेय.

म्हणून अक्कासाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. तुमच्यासाठी मागते. तुमच्या गावाचंही सर्वेक्षण झालेलं आहे, तुम्हाला ठाऊक असो वा नसो. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जा. तिथं नसेल तर तहसीलला जा. अहवालाची प्रत लेखी मागा आणि तुमच्या विहिरीच्या नावापुढे काय लिहिलंय ते स्वतः वाचा. खोटं असेल तर 'आम्ही खोटं बोललो होतो' असं लिहून द्या, लाज बाळगू नका, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.